वरचं दूध

आईनं माझ्या हातातली वाटी घेतली, खिडकीपाशी नेऊन तिरकी केली आणि म्हणाली, "एवढंच आलं?"

वाटीच्या तळाशी दूध होतं, चमचा जेमतेम बुडेल इतकं. तेवढं काढता काढता माझी बोटं वळून गेली होती, टाक्यांवर ताण आला होता आणि पाठ भरून आली होती.

"सकाळपेक्षा जास्त आहे," मी म्हटलं.

"असेल." तिनं बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं. "मी पाजते हिला चमच्यानं. तू पड जरा. बसून बसून पाठ धरेल."

"इथेच पाज ना. मला बघू दे ती कशी पिते."

"बघण्यासारखं काय आहे त्यात? सांडलं की तू रडत बसतेस. झोप."

वाटी पदराखाली धरून ती स्वयंपाकघरात गेली. मी आडवी झाले. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच आईचं बाळाशी लाडानं बोलणं येत होतं. मला बरं वाटलं. आपण काढलेले ते चार थेंब तरी तिच्या पोटात जाताहेत, असं मनात म्हणत मी डोळे मिटले.

चाळीसगावला माझं माहेर. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्टेशन रोडला सायकलचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत आमचं घर. पहिलं बाळंतपण म्हणून दिवाळीनंतर मी तिथे आले होते. हेमंत, माझे यजमान, धुळ्याला ज्युनियर कॉलेजात शिकवायचे आणि रविवारी येऊन जायचे.

बाळंतपण सरळ झालं नाही. पोट उघडावं लागलं, मग टाके पिकले आणि मला ताप भरला. त्यातच बाळाच्या डोळ्यांत, अंगावर पिवळेपणा दिसायला लागला. वजनही उतरलं होतं. मुलांच्या डॉक्टर खैरनारबाई म्हणाल्या, कावीळ आहे, बऱ्याच बाळांना होते, पण हिची जरा जास्त आहे, निळ्या दिव्यांखाली ठेवू. मी एका खोलीत तापानं फणफणलेली आणि ती दुसऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. मला धड बसता येत नव्हतं, तिला लगेच पोटभर दूध जायला हवं होतं, म्हणून तेवढ्यापुरती बाटली सुरू केली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं.

"बाटली ही सोय होती, शैलजाताई. आता बंद. हिला बाटलीची सवय लागलीय, तिथे न ओढता दूध येतं. अंगावर घ्यायला कुरकुर करेल, पाठ ताठ करेल, रडेल. धीर धरायचा. आधी अंगावर. त्यानंतर लागलंच तर तुमचंच दूध काढून वाटी-चमच्यानं. वरचं दूध नको."

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मान डोलावली होती.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी बाळ खरंच कुरकुरलं. तोंड लावायचं, दोनदा ओढायचं आणि मग डोकं मागे टाकून रडायचं. पण ओढत तरी होतं. त्याच्या पुढच्या दिवसांत तेही थांबलं. आई तिला न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे आणून द्यायची, तेव्हा ती गाढ झोपलेली असायची. गालाला बोट लावलं तरी तोंड उघडायची नाही. मी पदराखाली घ्यायचे, ती तोंड फिरवायची. रात्री टाक्यांना त्रास नको म्हणून आई तिला मधल्या खोलीत आपल्या कुशीत घेऊन झोपायची. सकाळी कोवळ्या उन्हात ओसरीवर घेऊन बसायची, कावीळ उतरते म्हणून. बाळ माझ्या वाट्याला यायचं ते असं, झोपलेलं.

"ही उठत का नाही?" मी विचारायचे.

"काविळीची पोरं सुस्तच असतात. डॉक्टरच म्हणाल्या ना."

म्हणाल्या होत्या. सुस्ती वाढली तर लगेच आणा, असंही म्हणाल्या होत्या.

माझं दूध दिवसेंदिवस कमी होत चाललं. सुरुवातीला पदर भिजायचा, तोही भिजेनासा झाला. मी वाटी घेऊन बसायचे आणि थेंब मोजल्यासारखे पडायचे. एके दुपारी मी वाटी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडले. आई जवळ येऊन बसली. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला.

"काही बायकांना नसतंच गं दूध," ती म्हणाली. "अंगाचा धर्म असतो एकेकीचा. त्यात तुझा काय दोष? बाटलीवर वाढलेली पोरं काय वाढत नाहीत?"

"मला पाजायचंय तिला."

"पाजायचंय म्हणून येतं का ते?"

तिच्या आवाजात इतकी माया होती की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं मला खसखशीची खीर करून आणली, समोर बसून संपवायला लावली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "नाशिकला हजर कधी व्हायचंय?"

हे सांगायचं राहिलं. मी पोटुशी असतानाच माझा निकाल लागला होता. परीक्षा देऊन विक्रीकर निरीक्षक म्हणून माझी निवड झाली होती. आधी नाशिकला ट्रेनिंग, मग नेमणूक. आमच्या अमृतकरांच्या घरात सरकारी अधिकारी झालेली मी पहिलीच. त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले होते, ज्यांच्याशी तिचं बोलणं नव्हतं त्यांच्याही घरी जाऊन.

"बघू," मी म्हटलं. "मुदत वाढवून मागते. बाळ जरा मोठं होऊ दे."

"मुदत मागितली की माणूस मागे पडतं," आई म्हणाली आणि खिरीची वाटी घेऊन आत गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी मी बाळाला पाळण्यातून उचललं. ती नुसती लोंबत होती. मी दुपटं सोडलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, कानाशी बोलले. तिनं एकदा ओठ हलवले आणि पुन्हा झोपली. खिडकीच्या उजेडात मला तिच्या नाकाचा शेंडा पिवळा वाटला.

"आई, आपण दवाखान्यात जाऊ."

आई पोळ्या करत होती. "कशाला? रंग उतरलाय तिचा. मी रोज बघते ना उन्हात."

"मला पिवळी वाटतेय. आणि उठत नाहीये."

"आत्ताच झोपलीय ती."

"पोटात काही नाही तिच्या. कालपासून किती दूध निघालं माझं? वाढली असेल कावीळ तर? डोक्यात जाते म्हणाल्या होत्या डॉक्टर. जन्माचं अधूपण येतं."

आईनं तव्यावरची पोळी उलटली. "उद्या जाऊ. आज तुझ्या अंगात त्राण नाही."

"मी एकटी जाते मग."

मी स्वेटर घातला, कानाला रुमाल बांधला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. अण्णांनी कोपऱ्यावरून रिक्षा आणली, तेही बरोबर आले.

दवाखान्यात गर्दी होती, पण डॉक्टरांनी आम्हाला आधी आत घेतलं. बाळाच्या छातीवर बोट दाबून रंग पाहिला, डोळे पाहिले. "मला तर उतरल्यासारखी वाटतेय," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणता सुस्त आहे, पीत नाही, तर रक्त बघून घेऊ."

रक्त टाचेतून काढायचं होतं. सिस्टर म्हणाली, कुणीतरी पाय धरा. आई पुढे झाली. तिनं तो एवढासा पाय अंगठा आणि बोटामध्ये धरला. सुई टोचली तशी बाळ जागं झालं आणि इतक्या जोरात रडलं की तोंड निळसर पडलं. रक्त सरसर येईना, सिस्टर टाच दाबत राहिली, पुन्हा एकदा टोचावं लागलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागून बाळाचं रडणं आणि आईचं "झालं गं, झालं माझ्या सोन्या" ऐकू येत होतं.

मग बाकावर रिपोर्टची वाट पाहत बसलो. अण्णा बाहेर रिक्षाजवळ थांबले होते. हुंदके देऊन देऊन बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, टाचेवर कापूस चिकटवलेला.

"माझ्यामुळे झालं हे सगळं," मी म्हटलं. "माझ्या अंगात दूध असतं तर तिला हे भोगावं लागलं नसतं."

आईनं पदरानं माझे डोळे पुसले. "असं बोलू नये," ती म्हणाली.

"उपाशी मारतेय मी तिला, आई."

"नाही गं. तसं काही नाही."

ती एवढंच म्हणाली. पुढे काही बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, हे मला आजही आठवतं. मग तिनं समोर पाहिलं आणि पदर नीट केला.

डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा त्या हसत होत्या. "कावीळ छान उतरलीय. घाबरायचं काही कारण नाही. आणा, वजन करू."

तागडीच्या ताटात बाळाला ठेवलं. डॉक्टरांनी काटा पाहिला, बाळाला उचललं, काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं.

"अहो, चांगलं भरलंय की वजन. म्हणजे घ्यायला लागली अंगावर."

"नाही हो," मी म्हटलं. "घेतच नाही. तोंडसुद्धा उघडत नाही."

"मग?"

"वाटीत काढते. तेही एवढंसं निघतं." मी बोटांनी दाखवलं.

डॉक्टरांचं हसू ओसरलं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढ्याशा दुधावर इतकं वजन वाढत नाही. वरचं काय चालू आहे?"

"काहीच नाही. तुम्ही सांगितलंत ना."

मी बाळाला खांद्यावर घेतलं. रडून रडून तिच्या पोटात वारा गेला असावा. तिनं मोठी ढेकर दिली आणि माझ्या खांद्यावर गरम दूध ओकली. थोडंथोडकं नाही, स्वेटरवरून ओघळून कोपरापर्यंत आलं. पांढरं, घट्ट, फाटलेल्या दह्यासारखं. आणि त्याचा वास मला ओळखीचा होता. तापात पडले असताना सिस्टर बाटली हलवत खोलीसमोरून जायची, तेव्हा तोच गोडसर, पावडरचा वास यायचा.

सकाळपासून माझ्याकडून तिच्या पोटात एक थेंबही गेला नव्हता.

डॉक्टरांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग त्या माझ्या मागे पाहत म्हणाल्या, "आजी?"

"चालू आहे," आई म्हणाली. "बाटली."

आमटीत मीठ घातलंय असं सांगावं, तशा आवाजात. मी वळून पाहिलं. ती बाळाचं दुपटं हातावर घेऊन घडी घालत होती.

"कधीपासून?"

"घरी नेल्यापासून."

डॉक्टर आईला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, ओल्या कापसानं माझा स्वेटर पुसला आणि माझ्याशीच बोलू लागल्या. बाळ ओढत नाही म्हणून दूध उतरत नाही, पोट भरलेलं म्हणून ते ओढत नाही. माझ्या अंगात खोट काही नाही. आता बाळाचे कपडे काढून उघड्या छातीवर घेऊन बसायचं, तास न् तास. रडायची वाट पाहायची नाही, चुळबुळ केली, ओठ चाटले की लगेच पुढे घ्यायचं. दूध उतरेपर्यंत पावडरचं द्यायचं, पण चमच्यानंच, बाटलीनं नाही. लंगोट भिजताहेत ना ते बघायचं, आणि चार दिवसांनी वजनाला आणायचं. "दूध परत येतं," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस कठीण जातील. पण घरात हे फक्त तुम्ही बघा. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका."

मी मान हलवत होते. मला अर्धंच ऐकू येत होतं.

रिक्षात अण्णांनी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"सगळं छान आहे," आई म्हणाली.

घरी आल्यावर मी बाळाला छातीशी धरूनच स्वयंपाकघरात गेले आणि फडताळ उघडलं. वरच्या खणात, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्याखाली, डबा होता. अर्धा संपलेला. शेजारी उकळलेली बाटली उपडी घातली होती, स्वच्छ, टापटीप. आईचं सगळंच काम टापटीप असतं.

"अण्णा, हा तुम्ही आणलात?"

अण्णा दारात उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं. "ही म्हणाली तुला दूधच नाही. तुझ्यासमोर विषय काढायचा नाही, तू रडतेस, म्हणाली. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

ते थोडा वेळ घुटमळले, मग सायकल काढून दुकानात गेले. भांडणाच्या वेळी ते नेहमीच दुकानात जायचे.

आई पाटावर बसली. परातीत सकाळची कणीक झाकून ठेवली होती, ती तिनं पुढे ओढली, पण मळली नाही.

"का?" मी विचारलं.

"बस आधी. उभी राहू नकोस."

"का केलंस?"

तिनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "मी टेलिफोनमध्ये होते, माहीत आहे तुला."

"माहीत आहे. ऑपरेटर. नाशिकचं पाणी मानवलं नाही म्हणून सोडून आलीस."

"तसं सांगायचं ठरलं होतं." तिनं कणकेवरचं ओलं फडकं सारखं केलं. "पाणी चांगलं होतं तिथलं. मला ट्रेनिंगला बोलावलं तेव्हा तू लहान होतीस, पालथीसुद्धा पडत नव्हतीस. तुला तुझ्या आजीकडे ठेवून गेले. हॉस्टेलात आम्ही सहा-सात जणी होतो. कानाला ते लावून बसायचं, दिवा लागला की बोलायचं. मला फार लवकर जमलं. बाई म्हणायच्या, सिंधू अमृतकरचा आवाज चांगला आहे." तिनं फडक्याचं टोक आत खोचलं. "तू बाटली तोंडात घेतली नाहीस. वाटी नाही, चमचा नाही. ओठ घट्ट मिटून घ्यायचीस म्हणे. सुकत चाललीस. तार आली, मूल हवं असेल तर निघून ये. आले. परत जायचं म्हटलं की तू अशीच करायचीस. जागा गेली."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"लेकराला काय सांगायचं? तुझं पाप थोडंच होतं ते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पण पाजायला घ्यायचे ना तुला, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघायचे नाही मी. खिडकीबाहेर बघायचे. तुझं पोट भरेपर्यंत."

मी बाळाला घट्ट धरलं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"तुझा निकाल लागला तेव्हाच मी ठरवलं," आई म्हणाली. "तुला नाही अडकू द्यायचं. दवाखान्यात पोर बाटली मुकाट्यानं प्यायला लागली, तेव्हा मला वाटलं, देवानंच वाट काढली. ती सवय मोडू नये, एवढंच मी बघितलं. मी सांभाळलं असतं तिला इथे. तू निर्धास्त गेली असतीस."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

बाहेर भांडेवाली ओरडत गेली. मी वाट पाहिली, तिचा आवाज दूर जाईपर्यंत.

"मी वाटीत काढून द्यायचे, ते दूध?"

"कढीपत्त्याच्या आळ्यात घातलं. पायदळी नाही जाऊ दिलं."

ती हे अगदी मनापासून बोलली. दुधाचा मान राखला, हे मला कळावं, असं तिला वाटत होतं. माझी दुखरी बोटं, वाटी उजेडाकडे धरून "एवढंच आलं?" म्हणणं, आणि मग परसातलं ते झाड.

"मी रडत होते," मी म्हटलं. "तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते. आणि तू म्हणालीस, काही बायकांना नसतंच."

आईनं परातीच्या कडेला लागलेली कणीक नखानं खरवडली.

"मला वाटत होतं माझ्या अंगातच काहीतरी कमी आहे. मी रोज स्वतःला शिव्या देत होते. तुला दिसत होतं ते."

"चार दिवस वाईट वाटतं. मग विसरतं माणूस."

"आणि आज? तिची कावीळ वाढली म्हणून मी मरणाची भ्यायले होते. एक शब्द बोलली असतीस तर तिच्या टाचेत दोनदा सुई गेली नसती. पाय तू धरला होतास, आई."

तिचे हात परातीच्या काठावर तसेच राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मला वाटलं, एकदा रिपोर्ट चांगला आला की तुझं समाधान होईल."

मी दुकानात जाऊन अण्णांच्या फोनवरून धुळ्याला कॉलेजात फोन लावला. पोटाला फडकं बांधलेली, कानाला रुमाल बांधलेली बाळंतीण, तान्ह्या पोराला घेऊन स्टेशन रोडवर. लोक बघत होते. हेमंतना म्हटलं, "मला घ्यायला या. काय झालं ते आल्यावर सांगते." अण्णा पंक्चरच्या पाण्यात हात घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी हेमंत मित्राची जीप घेऊन आले. सव्वा महिना व्हायचा होता. शेजारच्या काकू दारात आल्या, म्हणाल्या, अशी ओली बाळंतीण कुणी पाठवतं का. आई त्यांना म्हणाली, "तिच्या सासरी गरज आहे." माझं सासर म्हणजे धुळ्यातल्या दोन खोल्या होत्या, सासू-सासरे केव्हाच गेलेले, हे काकूंना ठाऊक होतं. आईनं डिंकाचे लाडू, बाळंतशेप, ओवा, सगळं बांधून जीपमध्ये ठेवलं. मी पाया पडले नाही. तिनं बाळाच्या कपाळावर तीट लावली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हजर हो तिथे."

क्षमा माग, असं मी तिला म्हटलं नव्हतं. पण ती काहीतरी बोलेल, अशी माझी खुळी आशा होती. ती हे बोलली.

धुळ्यातले पहिले दिवस आठवले की अजून अंगावर येतात. बाटली नाही म्हणून बाळ आकांत करायचं. हेमंत तिला घेऊन येरझाऱ्या घालायचे आणि म्हणायचे, "शैला, एकदाच देऊ या का?" मी नाही म्हणायचे. चमच्यानं पाजताना निम्मं गळ्यावर जायचं. उरलेला वेळ मी तिला उघड्या छातीवर घेऊन, वर शाल पांघरून बसून राहायचे. वजनाला नेलं की काटा थोडा थोडा पुढे सरकलेला असायचा.

एका दुपारी ती तशीच माझ्या छातीवर निजली होती. शेजारी कुणाकडे तरी दळण कांडण चाललं होतं, त्याचा ठेका येत होता. ती चुळबुळली, डोकं इकडेतिकडे घासलं आणि आपली आपण खाली सरकली. मी हललेसुद्धा नाही. तिनं तोंड मोठं उघडलं आणि धरलं. एकदा ओढलं, थांबली. मला वाटलं, आता रडणार. तिनं पुन्हा ओढलं. मग तिच्या गळ्यात घोट उतरल्याचा आवाज आला आणि माझ्या छातीत दुखरी, गोड कळ उठली. दुसऱ्या बाजूचा पदर भिजून गेला. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, तिचं पोट भरेपर्यंत.

हे कुणाला तरी सांगावं असं मला अनावर वाटलं. हेमंत कॉलेजात होते. पण ते घरी असते तरी सांगावंसं वाटत होतं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस आता माझं उरलं नव्हतं.

मी मुदत वाढवून मागितली होती आणि ती सहज मिळाली. वरच्या साहेबांनी एका वाक्यात होकार दिला. पुढे मी नाशिकला हजर झाले ती बाळाला आणि एका सांभाळणाऱ्या मावशींना घेऊन. नोकरी केली, बढत्या मिळाल्या. आई लोकांना सांगते, मी मागे लागले म्हणून शैला साहेब झाली. मी ऐकून घेते. मृण्मयीचा, म्हणजे त्या बाळाचा, आजीवर फार जीव आहे. तिला यातलं काही मी सांगितलेलं नाही.

मी नाशिकला जाण्याआधी, मृण्मयीच्या उष्टावणाला आई-अण्णा धुळ्याला आले होते. त्या दिवसानंतर आई पहिल्यांदाच समोर आली होती. तिनं हात पुढे केले, बाळ हसत तिच्याकडे झेपावलं. मी दिलं. आई पलंगावर बसून तिला खेळवू लागली.

"जा, तू आवर तुझी कामं," ती म्हणाली. "मी घेऊन बसते हिला."

मी गेले नाही. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून लंगोटांच्या घड्या घालू लागले. त्या सकाळीच घालून झाल्या होत्या. मी एक एक उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. आई बाळाशी बोलत होती. बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं आणि ती बोलायची थांबली. तिनं त्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

उठून तिनं बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. "घे," ती म्हणाली. "चहा मीच टाकते."

ती स्वयंपाकघरात गेली. माझं घर तिला नवीन होतं. एकेक डबा उघडल्याचे, झाकण लावून परत ठेवल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठे आहे ते मी इथून सांगू शकले असते. मी बाळाला पदराखाली घेतलं आणि गप्प बसून राहिले.